सेकंड-हँड बाईक घेताय? आधी स्वतःचा अनुभव मोजा, मग इंजिनाचा सीसी

बजेट साठ-सत्तर हजारांचं. मोबाइलवर जाहिराती चाळताना दोन गाड्या समोर येतात. एक चार-पाच वर्षं वापरलेली १२५ सीसीची साधी कम्युटर. दुसरी आठ-नऊ वर्षं जुनी, पण २०० सीसीची, रुंद टायरची, एका इशाऱ्यावर सुटणारी स्पोर्ट्स बाईक. किंमत जवळपास सारखीच. पहिलीच बाईक घेणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचं बोट कोणत्या फोटोवर थांबणार, हे सांगायला नको.

वापरलेल्या बाईकच्या बाजारातली खरी अडचण इथेच आहे. नवीन घेताना किंमतच माणसाला अडवते. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, ताकद मात्र फारशी उतरत नाही. त्यामुळे ‘परवडते का?’ या प्रश्नाआधी ‘झेपते का?’ हा प्रश्न विचारावा लागतो.

लायसन सगळ्यांना सारखंच

युरोपात आणि ब्रिटनमध्ये मोटरसायकलचं लायसन टप्प्याटप्प्याने मिळतं. पहिल्या टप्प्यात १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतची गाडी चालवता येते. पुढच्या टप्प्यात ३५ किलोवॉटपर्यंत, आणि त्यानंतर हवी ती.

भारतात असे टप्पे नाहीत. इथे फरक फक्त ‘गिअर नसलेली’ आणि ‘गिअर असलेली’ दुचाकी एवढाच. (५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी वय १६, बाकीसाठी १८, ही वयाची अट वेगळी.) गिअरच्या दुचाकीचं लायसन मिळालं की कायद्याने १०० सीसीही चालते आणि १००० सीसीही.

दोन गाड्यांची तुलना केली की हा फरक किती मोठा आहे ते कळतं. हिरोची स्प्लेंडर साधारण ९७ सीसीची, वजन ११२ किलोच्या आसपास आणि ताकद सुमारे ८ हॉर्सपॉवर. केटीएमची ३९० ड्यूक ३७३ सीसीची असताना सुमारे ४३ हॉर्सपॉवरची होती. वजन जास्तीत जास्त दीडपट, पण ताकद पाचपटीहून जास्त. दोन्हींसाठी लायसन एकच. म्हणजे जो टप्पा तिकडे कायदा ठरवतो, तो इथे स्वतःलाच ठरवावा लागतो.

‘मला गाडी येते’ म्हणजे नक्की काय येतं?

अनुभव वर्षांत मोजला की फसगत होते. पाच वर्षं रोज घर ते कॉलेज स्कूटर चालवणाऱ्याला ट्रॅफिकचा अंदाज असतो. पण क्लच, गिअर आणि पायाचा ब्रेक यांचा मेळ त्याला नव्याने शिकावा लागतो. शिवाय त्याचं लायसन फक्त बिनगिअरच्या दुचाकीचं असेल, तर मोटरसायकलसाठी ते चालत नाही. ते आरटीओकडून वाढवून घ्यावं लागतं.

खाली दिलेल्या गोष्टी विचार न करता जमतात का, हे प्रामाणिकपणे तपासावं:

- चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता आणि बंद न पडता पुढे काढणं
- ताशी ४० किलोमीटरवरून, पुढचा आणि मागचा दोन्ही ब्रेक वापरून, सरळ रेषेत थांबणं
- अरुंद गल्लीत पाय न टेकवता यू-टर्न घेणं
- डबलसीट असताना वळणावर तोल राखणं
- पावसात, रात्री आणि हायवेवर ट्रकच्या शेजारून गाडी चालवणं

यातल्या दोन-तीन गोष्टींवर ‘बहुतेक जमेल’ असं उत्तर येत असेल, तर तो चालक नवशिक्याच समजावा.

वेगाचं गणितही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते, ताशी ८० ला सुमारे २२ मीटर. समोर कुत्रं आल्यावर ब्रेकपर्यंत बोट जायलाच एक सेकंद जातो. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला लागणारं अंतर तर वेग दुप्पट झाला की चौपट होतं. ताकदवान गाडी ८० चा वेग इतक्या सहज गाठते, की नवख्याला तो ५० वाटतो.

कोणासाठी कोणती गाडी?

पहिल्यांदाच गिअरची गाडी घेणारे: १०० ते १२५ सीसी. स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना, ग्लॅमर अशा गाड्या हलक्या असतात, सीट बुटकी असते आणि क्लच चुकीचा सुटला तरी गाडी अंगावर येत नाही. सुरुवातीला गाडी एक-दोनदा पडणारच, हे धरून चालावं. साध्या कम्युटरचा वाकलेला लिव्हर किंवा फुटलेला इंडिकेटर कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये थोड्या पैशांत बदलून मिळतो. स्पोर्ट्स बाईकचं फेअरिंग फुटलं की खर्च हजारांत जातो.

वर्ष-दोन वर्षं नियमित गिअरची गाडी चालवणारे: १५० ते १६० सीसी. २००१ मध्ये आलेल्या पल्सरपासून या वर्गाचा बाजार मोठा झाला. त्यामुळे वापरलेल्या गाड्यांत इथे सर्वात जास्त निवड मिळते. साधारण १४-१५ हॉर्सपॉवरमध्ये शहर आणि अधूनमधून हायवे, दोन्ही निभावतात. मात्र याच वर्गातल्या यामाहा आर-१५ सारख्या गाडीवर पुढे वाकून बसावं लागतं. रोजच्या ट्रॅफिकमध्ये मनगट आणि पाठ दोन्ही बोलू लागतात.

हायवे आणि घाटाची सवय असलेले: २०० ते ४०० सीसी. इथे सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजू नये. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची ताकद २० हॉर्सपॉवरच्या आसपास, पण वजन जवळपास १९५ किलो. तिचा त्रास वेगाचा नसतो, तर पार्किंगमधून काढताना, उतारावर वळवताना आणि चिखलात तोल सांभाळताना होतो. २०० सीसीच्या ड्यूकचं याच्या उलट आहे. गाडी हलकी, पण ताकद सुमारे २५ हॉर्सपॉवर. म्हणजे ३५० ची बुलेट २०० च्या ड्यूकपेक्षा मवाळ असू शकते. सीसीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. ताकद, वजन आणि सीटची उंची हे तीन आकडे एकत्र पाहावेत.

मोठ्या खंडानंतर परतणारे: कॉलेजात आरएक्स-१०० चालवली, मग वीस वर्षं कार. आता चाळिशीत पुन्हा बाईक घ्यायची आहे. अशा चालकाचा आत्मविश्वास जुना असतो, पण डोळे, गुडघे आणि रस्त्यावरची गर्दी नवी असते. त्यांनी एक टप्पा खालून सुरुवात केलेली बरी.

उंचीसाठी एक सोपी कसोटी आहे. बूट घालून सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे पंजे जमिनीला नीट टेकतात का? नव्या चालकाला दोन्ही पाय टेकणं गरजेचं आहे. ८०० मिलिमीटरपेक्षा उंच सीटच्या अ‍ॅडव्हेंचर बाईकवर सरासरी उंचीच्या माणसाचा बहुधा एकच पाय नीट पोहोचतो.

कोणत्या सालची घ्यावी?

दोन तारखा लक्षात ठेवल्या तर निवड सोपी होते.

पहिली, १ एप्रिल २०१९. या तारखेपासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस सक्तीचं झालं. एबीएसमुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. घाबरून ब्रेक करकचून दाबणं ही नवशिक्याची सर्वात सामान्य चूक. त्यामुळे त्याने जुनी, बिनाएबीएसची मोठी गाडी घेण्यापेक्षा एबीएसवाली लहान गाडी घ्यावी.

दुसरी, १ एप्रिल २०२०. तेव्हापासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. बीएस-६ गाडी थंडीत पटकन सुरू होते, पण बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. गावाकडे जवळपास सर्व्हिस सेंटर नसेल, तर २०१९-२० ची बीएस-४ गाडी अधिक सोयीची ठरू शकते.

गाडी पाहायला गेल्यावर

शक्यतो सकाळी आणि दिवसाउजेडी जावं. मालकाला आधीच सांगावं की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन ते थंड आहे का पाहावं. गरम असेल, तर सुरू व्हायचा त्रास लपवलेला असू शकतो.

- धूर: निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. हा मोठा खर्च. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत सुरुवातीला दिसणारी आणि लगेच विरणारी पांढरी वाफ चिंतेची नाही.
- पडल्याच्या खुणा: लिव्हरची टोकं, हँडलची टोकं, फूटरेस्ट आणि सायलेन्सर पाहावेत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चॅसीवरचा स्टॉपर तपासावा. तो चेपलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल, तर समोरून जोरदार धडक झालेली असण्याची शक्यता असते. अशी गाडी सोडून द्यावी.
- पुढचा शॉकअप: नळीवर तेलाचे ओघळ असतील तर ऑइल सील गेलं आहे.
- टायर: टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘३४१९’ म्हणजे २०१९ सालचा ३४ वा आठवडा. नक्षी दिसत असली तरी पाच-सहा वर्षं जुना टायर कडक होतो आणि पावसात घसरतो.
- किलोमीटर: रोज ३० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तरी वर्षाचे ९ हजार होतात. पाच वर्षं ऑफिसला नेलेली गाडी १५ हजारच दाखवत असेल, तर सर्व्हिस बुक मागावं. ग्रिप आणि फूटरेस्टचं झिजलेलं रबर मीटरपेक्षा खरं बोलतं.

टेस्ट राइड किमान पाच-सात किलोमीटरची घ्यावी. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, गिअर निसटतो का, ब्रेक लावताना हँडल थरथरतं का, हे पाहावं. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्यावं. त्याला दिलेले चार-पाचशे रुपये वाया जात नाहीत.

कागद कच्चे, तर गाडी कच्ची

आरसीवरचे चॅसी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवावेत. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून नोंदणी आणि विम्याची मुदत पाहावी. थकीत ई-चलानंही ऑनलाइन तपासावीत.

- कर्ज: आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय पैसे देऊ नयेत.
- हस्तांतरण: फॉर्म २९ आणि ३० वर सह्या लागतात. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.
- विमा: पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस नव्या मालकाला मिळत नाही.
- परराज्यातली गाडी: गोवा किंवा कर्नाटकातली गाडी स्वस्त दिसते. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि नवी नोंदणी हे धरून हिशेब करावा.
- वय: खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.
- नंबर प्लेट: १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी बसवली आहे का, ते पाहावं.

‘नावावर नंतर करू’ हे वाक्य दोघांनाही महागात पडतं. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गाडी विकलेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक धरला जाईल. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती.

मुलगा अठराच्या आतला असेल, तर पालकांसाठी आणखी एक इशारा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन चालकाने गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

सगळं बजेट गाडीवर घालवू नका

सत्तर हजार हातात असतील तर साठचीच गाडी पाहावी. उरलेल्या दहात ऑइल, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, गरज पडल्यास एखादा टायर आणि आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट येतं. मागे कोणी बसणार असेल तर दोन हेल्मेट.

गाडी घरी आल्यावरचा पहिला महिना सरावाचा ठेवावा. एखाद्या रिकाम्या मैदानात सकाळी अर्धा तास ब्रेक लावण्याचा आणि वळण्याचा सराव करावा. हायवे आणि डबलसीट नंतर. साधी, नीट ठेवलेली १२५ सीसीची गाडी दोन वर्षांनी विकायला काढली, तर तिचे बऱ्यापैकी पैसे परत मिळतात. तोपर्यंत चालकाचा हातही बसलेला असतो. मोठी गाडी तेव्हाही बाजारात असेलच, आणि ती झेपते की नाही हे तेव्हा कोणाला विचारावं लागणार नाही.