मुंबईचा साग, हार्टलपूलचे जहाज

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल बंदरात ‘त्रिंकोमाली’ ही पुरातन युद्धनौका आहे. अद्याप पाण्यावर तरंगणारी ही सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका होय. ‘व्हिक्टरी’ तिच्याहून वडील खरी, पण ती कोरड्या गोदीत विसावली आहे. ‘त्रिंकोमाली’ला ब्रिटिश म्हणताना मात्र थोडे थांबावेसे वाटते, कारण तिचा जन्म मुंबईच्या गोदीतला. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ती बांधविली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली.

नेपोलियनशी झालेल्या दीर्घ युद्धांनी इंग्लंडात ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा आरमाराची दृष्टी मलबारच्या सागाकडे वळली. सागाच्या अंगी उपजत तेल असते. त्यामुळे वाळवी व कूज सहसा त्याच्या वाटेस जात नाहीत. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागात ते टिकतात. नीट वाळलेला साग फारसा आकसत वा पिळवटत नाही. तथापि तो सुतारास सोपा जातो असे नव्हे. त्यातील वाळूसारख्या सूक्ष्म कणांनी रंध्याची व पटाशीची धार लवकर बोथट होते. ज्या हातांनी ती धार पुन:पुन्हा लावली, त्यांची नावे जहाजाच्या प्रचलित कथेत येत नाहीत. १८३४ नंतर करारबद्ध होऊन मॉरिशसला गेलेल्या आपल्या पूर्वजांची नावे तरी तेथील स्थलांतराच्या नोंदवह्यांत सापडतात.

१९८७ साली ही नौका हार्टलपूलला आणण्यात आली. २००१ पर्यंत तिची डागडुजी चालली. मूळच्या सागाचा मोठा भाग तेव्हाही शाबूत निघाला, आणि तो तसाच ठेवण्यात आला.