उष्णता पंप : घरतापनातील खर्च आणि कार्बन बचत

बाहेरच्या हवेतील, जमिनीतील किंवा पाण्यातील उष्णता विजेच्या साहाय्याने घरात आणणारे यंत्र म्हणजे उष्णता पंप (हीट पंप). शीतकपाट आणि एसी यांच्यात जे चक्र चालते तेच याच्यातही चालते. कमी तापमानाला उकळणारा प्रशीतक बाष्पकात बाहेरची उष्णता शोषून वायुरूप होतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, संघनकात तो आपली उष्णता घराला देऊन पुन्हा द्रव होतो. शून्याखालच्या हवेतही उष्णता असतेच, म्हणून हिवाळ्यातही पंप चालतो. वीज इथे उष्णता निर्माण करण्यासाठी नव्हे, तर ती वाहून नेण्यासाठी खर्च होते. एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळाली, तर कार्यक्षमता गुणांक 3 म्हणतात. आत-बाहेरच्या तापमानातील फरक वाढला की हा गुणांक घसरतो, आणि बचतीचा बराचसा हिशेब तिथेच ठरतो.

लॉर्ड केल्व्हिन यांनी ही कल्पना 1852 मध्ये मांडली. त्याच दशकात ऑस्ट्रियात पेटर फॉन रिटिंगर यांनी मिठागरासाठी असे यंत्र उभारले. झुरिकच्या नगरभवनात 1938 मध्ये लिम्मात नदीच्या पाण्यावर चालणारा पंप बसला. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलसाठी 1951 मध्ये थेम्सवर बसवलेला पंप मात्र सभागृहाच्या गरजेपेक्षा जास्तच उष्णता देत होता. तंत्र जुने आहे. ते मागे पडले ते स्वस्त तेल आणि गॅसमुळे.

बचतीचा वाद सर्वांत स्पष्ट दिसतो तो ब्रिटनमध्ये, कारण तिथली बहुसंख्य घरे गॅसच्या बॉयलरवर तापतात. सर्वसाधारण घराला वर्षाला सुमारे 11,500 युनिट (किलोवॅट-तास) गॅस लागतो, असे नियामक संस्था ऑफजेमने 2023 मध्ये धरले होते. बॉयलरमधील घट वजा जाता त्यातून 10,000 युनिट उष्णता हाती येते. गॅसचा एक युनिट जाळला की सुमारे 0.18 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाला दोन टनांहून थोडा अधिक. तेवढीच उष्णता 2.8 गुणांकाच्या पंपाने मिळवायला सुमारे 3,600 युनिट वीज पुरते. ब्रिटनमधील सरकारी चाचणीत घरोघरच्या हवा-स्रोत पंपांचा मध्यक गुणांक याच्याच आसपास निघाला. दर युनिटमागे 0.2 किलो कार्बन धरला तर उत्सर्जन 0.7 टनावर येते. दोनतृतीयांश बचत झाली.

ही बचत यंत्राइतकीच वीजकेंद्रांचीही आहे. 2012 च्या सुमारास ब्रिटनची जवळजवळ 40 टक्के वीज कोळशावर तयार होई आणि युनिटमागे सुमारे अर्धा किलो कार्बन पडे. तेव्हा हाच पंप बॉयलरपेक्षा जेमतेम सरस ठरला असता. शेवटचे कोळसा वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, 30 सप्टेंबर 2024 ला बंद झाले. आज बसवलेला पंप पुढल्या वर्षी, काहीही न बदलता, आणखी स्वच्छ होऊ शकतो. बॉयलरच्या बाबतीत हे कधीच होत नाही.

पैशांचे गणित एवढे सरळ नाही. 2024-25 मध्ये तिथे गॅस युनिटला 6 ते 7 पेन्स, तर वीज 25 ते 27 पेन्स होती. साडेसहा आणि सव्वीस धरले तर वरच्या घराचा गॅसचा खर्च सुमारे 750 पौंड आणि 2.8 गुणांकाच्या पंपाचा सुमारे 930 पौंड येतो. पंप महाग पडतो! गुणांक 3.5 असेल तर बरोबरी होते, 4 असेल तर सुमारे 100 पौंड वाचतात. गॅसची जोडणीच काढून टाकली तर तिचा स्थिर आकारही वाचतो, आणि रात्रीच्या स्वस्त दराची योजना घेतली तर पारडे आणखी झुकते. विजेच्या दरात धोरणात्मक अधिभार गॅसपेक्षा जास्त लादलेले असल्यामुळे हे अंतर वाढले आहे. पंपाला नावे ठेवणारे अनेकदा या दरपत्रकालाच नावे ठेवत असतात.

गुणांक वाढवणे बरेचसे बसवणाऱ्याच्या हाती आहे. जुन्या बॉयलरचे पाणी 70 अंशांना रेडिएटरमध्ये जाई. पंपाला 35 ते 45 अंश मानवतात. पाण्याचे तापमान एक अंश कमी केले की कार्यक्षमता साधारण दोन-अडीच टक्क्यांनी वाढते. त्यासाठी मोठे रेडिएटर किंवा फरशीखालचे तापन आणि छताला-भिंतींना उष्णतारोधन लागते. घराच्या उष्णताहानीचा हिशेब न करता घाईने बसवलेला पंप गुणांक गमावतो आणि वीजबिल वाढवतो. बसवण्याचा खर्च साधारण 12,000 पौंडांच्या घरात जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर 2023 पासून त्यावर 7,500 पौंड अनुदान मिळते.

नॉर्वे-स्वीडनमध्ये गॅस-विजेच्या दरांचा हा पेच नाही. नॉर्वेत घरोघर गॅसवाहिन्या नाहीत आणि वीज बहुतांशी जलविद्युत. तिथे पंपाने साध्या विद्युत हीटरची जागा घेतली, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेसाठी वीज एकतृतीयांशाच्या आसपास लागते. स्वीडनने 1991 मध्ये कार्बन कर लावला, तेलाचे तापन महाग झाले आणि पंप स्वाभाविक पर्याय ठरला. युरोपातील सर्वांत थंड देशांतच पंपांचे प्रमाण सर्वाधिक आहे, हे ‘थंडीत पंप चालत नाही’ या समजाला पुरेसे उत्तर आहे.

प्रशीतकाच्या गळतीचा मुद्दा वेगळा. आर-410ए हा प्रशीतक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,000 पट तापमानवाढ घडवतो. प्रोपेन (आर-290) याबाबत जवळजवळ निरुपद्रवी, पण ज्वलनशील आहे.

महाराष्ट्रात घर तापवायचे नसते, तापवायचे असते आंघोळीचे पाणी. इथे पंप दिसतो तो हॉटेले, वसतिगृहे आणि रुग्णालयांत. भारतीय विजेचा कार्बन युनिटमागे सुमारे 0.7 किलो असल्यामुळे 3 गुणांकाचा पंप एलपीजीच्या गिझरपेक्षा फारच थोडा सरस ठरतो. विद्युत गिझरच्या जागी मात्र तो वीज आणि कार्बन दोन्ही दोनतृतीयांशाने कमी करतो.