साताऱ्याचे एक दान : गोखले अर्थशास्त्र संस्था आणि सन १९३९

पुण्याहून साताऱ्याकडे येणाऱ्या प्रवाशाने नीरा नदीचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू होतो आणि पहिले मोठे गाव लागते ते शिरवळ. या रस्त्याने शेकडो वर्षे माल गेला, माणसे गेली, फौजाही गेल्या. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात याच परिसरात आणखी एक प्रकारची माणसे फिरू लागली. त्यांच्याजवळ विकायला माल नव्हता, वसुलीचा तगादा नव्हता. हातात छापील तक्ते होते. शेतकऱ्याने बियाणे किती घातले, बैलाला वैरण किती लागली, मजूर किती दिवस लावले, अशा गोष्टी विचारून ती लिहून घेत. ती होती पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेची माणसे. ही संस्था ज्या दानातून उभी राहिली ते दान साताऱ्याचे होते, हे आज जिल्ह्यातही फार थोड्यांना ठाऊक असेल.

दाते होते रावबहादूर रावजी रामचंद्र काळे. साताऱ्याचे नामांकित वकील आणि मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद. आयुष्यात मिळवलेल्या द्रव्याचा विनियोग कसा करावा, हा प्रश्न प्रत्येक संपन्न गृहस्थापुढे उतारवयात उभा राहतोच. मंदिर, धर्मशाळा, पाणपोई, अन्नछत्र हे आपल्या सर्वांच्या परिचयाचे मार्ग असून ते पुण्याचेच आहेत. काळे यांनी मात्र वेगळा मार्ग निवडला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या हाती त्यांनी आपली देणगी सोपवली आणि तीतून देशाच्या आर्थिक व राजकीय प्रश्नांचा अभ्यास व्हावा अशी इच्छा ठेवली. दि. ६ जून १९३० रोजी संस्था सुरू झाली. नाव दिले गेले ते गोखल्यांचे, स्वतःचे नव्हे. नामदार गोखले हे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक तयार करणारे शिक्षक आणि सरकारी अंदाजपत्रकातील आकडे सरकारपुढेच मांडून जाब विचारणारे पुढारी. आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेस याहून योग्य नाव मिळाले नसते.

पहिले संचालक म्हणून प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांची निवड झाली. नाशिक येथे १९०१ साली जन्म, केंब्रिजचे शिक्षण, आणि भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील त्यांचा ग्रंथ १९२४ मध्येच प्रसिद्ध झालेला. सुरतेच्या महाविद्यालयातील प्राचार्यपद सोडून ते पुण्यास आले, तेव्हा वय अवघे एकोणतीस वर्षांचे होते. पुढे १९६६ पर्यंत, म्हणजे तब्बल छत्तीस वर्षे, त्यांनी ही धुरा सांभाळली.

गाडगीळांची कामाची रीत व्यापारी माणसास सहज पटेल अशी होती. दुकानात बसून माल किती आहे याचा अंदाज बांधणारा आणि ताका उलगडून गजाने मोजणारा यांत जो फरक, तोच तेव्हाच्या पुस्तकी अर्थशास्त्रात आणि या संस्थेच्या अर्थशास्त्रात होता. इंग्रजी ग्रंथांत काय लिहिले आहे, यापेक्षा आपल्या बाजारात काय घडते आहे हे प्रथम पाहावे, असा त्यांचा आग्रह. म्हणूनच संस्थेच्या आरंभीच्या कामांत पुण्यातील फळबाजाराची पाहणी (१९३३) आहे आणि मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार वाहतुकीची पाहणी (१९३५) आहे. एस.टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. त्याआधी खाजगी मोटारवाल्यांचे राज्य होते. गाडी भरेपर्यंत सुटायची नाही, आणि दुसऱ्याची गाडी रिकामी जावी म्हणून भाडे वाटेल तसे उतरवायचे, अशी चढाओढ चाले. हा धंदा तोट्याचा की फायद्याचा, याचा शास्त्रीय विचार त्या काळी करणे हीच नवलाची गोष्ट होती.

कापडाच्या धंद्यातील मंडळींनी विशेष लक्ष द्यावे असा ग्रंथ १९३६ साली संस्थेने प्रसिद्ध केला. न. म. जोशी यांनी दख्खनमधील शहरांतील हस्तव्यवसायांचा केलेला हा अभ्यास होय. त्यात हातमागाची कहाणी प्रमुख आहे. गिरण्या आल्या आणि विणकर बुडाला, असे एका वाक्यात सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची होती. गिरणीच्या सुताने हाताने कातलेले सूत प्रथम बाजारातून घालवले, परंतु त्याच स्वस्त आणि एकसारख्या सुतावर हातमाग कित्येक वर्षे टिकून राहिला. नऊवारी लुगडी, काठपदराचा माल, खण यांत गिरणीला सहजासहजी शिरकाव करता येत नव्हता. विणकर मोडला तो वेगळ्या ठिकाणी. सूत उधार आणायचे ते व्यापाऱ्याकडून, तयार लुगडे द्यायचे तेही बहुधा त्यालाच. एकीकडे सुताचा भाव त्याचा, दुसरीकडे मालाचा भावही त्याचाच. मधल्या बारीक फटीत विणकराची मजुरी. जुन्या पेढ्यांच्या खतावण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना विणकरांच्या खात्यावरील नावे बाजू कधीच का फिटत नसे, हे निराळे सांगावयास नको. सूत मिळवून देणारा, माल दूरच्या बाजारी पोहोचवणारा आणि मंदीत तो पडून राहिला तर तोटा सोसणाराही व्यापारीच होता, ही दुसरी बाजू आहे. दोन्ही बाजू एकाच वहीत लिहिल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही.

आता सन १९३९ कडे वळू. संस्था नऊ वर्षांची झाली होती. दाते रावबहादूर काळे हयात नव्हते. त्यांच्या स्मरणार्थ १९३७ पासून दरवर्षी एक व्याख्यान होऊ लागले होते. दि. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले सभागृहात या व्याख्यानासाठी उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. साताऱ्याच्या वकिलाच्या स्मृतीस वाहिलेले व्याख्यान देणाऱ्या या थोर अर्थशास्त्रज्ञाचे इंग्रजी शिक्षण साताऱ्याच्या सरकारी शाळेतच ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुरू झाले होते, हा योग खचितच लक्षणीय होय.

विषय होता १९३५ च्या कायद्याने योजलेले संघराज्य आणि स्वातंत्र्य. एकीकडे ब्रिटिश मुलखातील लोकांनी निवडलेले प्रतिनिधी, दुसरीकडे संस्थानिकांनी नेमलेले, आणि दोघांनी एका सभेत बसून देशाचा कारभार पाहायचा, अशी ती योजना. अशा संघराज्यातून स्वातंत्र्याकडे वाट जात नाही, असे डॉ. आंबेडकरांनी कलमाकलमाचा कीस काढून दाखवले. शिरवळकरांना हा प्रश्न पुस्तकातला नव्हता. पलीकडे भोर संस्थान, पूर्वेस फलटण, त्यापुढे औंध. रस्ता एक, बाजार एक, आणि अंमल मात्र निरनिराळे. त्याच जानेवारी महिन्यात औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नवी राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला, हेही येथे नमूद केले पाहिजे. मात्र सगळे संस्थानिक औंधकरांसारखे नव्हते.

त्या वर्षी संस्थेत चाललेले दुसरे काम साताऱ्याच्या अधिकच जवळचे. वाई तालुक्यातील शेतीच्या धंद्याची पाहणी. प्रा. धनंजयराव आणि व्ही. आर. गाडगीळ यांचा हा ग्रंथ १९४० साली बाहेर पडला. त्या काळी खंडाळा हा वाई तालुक्याचाच पेटा होता. तालुका निवडीस उत्तम. पश्चिमेस महाबळेश्वरच्या कडेला धो धो पाऊस आणि भात, मध्ये कृष्णाकाठची काळी जमीन, हळद आणि ऊस, आणि खंबाटकीच्या अलीकडे ज्वारी-बाजरीचा कोरडा मुलूख. पाचपंचवीस मैलांत शेतीच्या इतक्या तऱ्हा क्वचितच पाहावयास मिळतात.

अशा पाहणीचे महत्त्व समजण्यास तिच्या आधीचे एक काम आठवावे लागते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला होता. १७७१ साली तेथील सरासरी खाते ४० एकरांचे होते. ते १८१८ मध्ये साडेसतरा एकरांवर आणि १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले, असे त्यांनी दाखवले. जमीन किती उरली, हे त्यावरून कळले. परंतु त्या जमिनीवरचा धंदा पुरतो की नाही, हा पुढचा प्रश्न होता.

येथेच हिशेबाची खरी अडचण उभी राहते, आणि ती किराणा किंवा कापडाच्या कोणत्याही लहान दुकानदाराच्या ओळखीची आहे. दिवाळीला वह्या बांधताना दुकानदार खरेदी, विक्री, शिल्लक माल मांडून नफा काढतो आणि समाधान पावतो. त्या नफ्यात स्वतःच्या मालकीच्या जागेचे भाडे वजा केलेले नसते. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत गादीवर बसलेल्या मालकाचा, मदतीस येणाऱ्या मुलाचा पगारही धरलेला नसतो. हे सर्व धरले तर पुष्कळ दुकाने तोट्यात निघतील. शेतीचे तसेच आहे. वैरण घरची, शेणखत घरचे, बियाणे मागच्या पिकातले, राबणारे हात घरातले. रोख खर्च तेवढाच मांडला तर शेती फायद्याची दिसते. घरच्या माणसांची मजुरी आणि बैलजोडीचा वर्षभराचा खर्च बाजारभावाने धरला की तेच शेत तोट्याचे ठरते. मग खरे काय मानावे? ज्या घरच्या मजुराला गावात दुसरे कामच मिळणार नाही त्याची मजुरी पूर्ण धरावी काय? शेतमालाच्या आधारभूत किमती ठरवताना आजही याच प्रश्नावर भांडण होते. गावोगावच्या खऱ्या आकड्यांवर हा प्रश्न तपासून पाहण्याचे आपल्या देशातील आरंभीचे काम ज्या मोजक्या ठिकाणी झाले त्यांत वाई तालुका आहे.

त्याच वर्षी मुंबई सरकारने दोन कायदे केले. एक शेतमालाच्या बाजाराचा, दुसरा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा. पहिल्याने उघड लिलाव, परवानाधारक आडते आणि ठरलेली वजनमापे यांचा पाया घातला. त्यापूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरत, आणि माल ज्याचा त्यालाच भाव कळत नसे. दुसऱ्या कायद्याने व्यापारी सावकारांत मोठी खळबळ उडाली. १८७५ चा सुप्याचा दंगा आणि त्यानंतरचा १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा यांची आठवण घराघरांत होतीच. आपल्या समाजातही सावकारी करणारी घराणी होती, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. दुष्काळात धान्य उधार देऊन गाव जगवणारे त्यांत होते आणि मुद्दलाच्या कितीतरी पट व्याज लावून जमीन नावावर करून घेणारेही होते. पुढे १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी झाली. तिच्या समितीवर प्रा. गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांचे आणि सहकारी संस्थांचे फक्त ३.१ टक्के, असा तिचा निष्कर्ष होता. सावकाराला दूर करणे कायद्याने एका दिवसात होते, त्याची जागा भरणे होत नाही, हे या आकड्यांतून दिसले. गाडगीळ केवळ टीका करून थांबले नाहीत. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि शेतकऱ्यांसोबत ती जागा भरण्याचे काम प्रत्यक्ष केले. त्यामुळे गुळाच्या आणि साखरेच्या व्यापाऱ्यांचा काही धंदा गेला. तो गेला म्हणून गाडगीळांना व्यापाऱ्यांचे वैरी समजणारेही होते. वस्तुतः भारतातील व्यापारी जाती-जमातींचा उगम शोधणारा चिकित्सक प्रबंध याच गृहस्थांनी १९५९ साली प्रसिद्ध केला, आणि त्यात जैन, मारवाडी, गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचा व हुंड्यांचा विचार मोठ्या आस्थेने केलेला आहे.

१९३९ च्या सप्टेंबरात युरोपात महायुद्ध पेटले आणि नोव्हेंबरात मुंबईच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. भाव चढू लागले. संस्थेचे लक्षही शेतावरून भाव, कंट्रोल आणि रेशन यांकडे वळले. १९४३ साली गाडगीळ व ना. वि. सोवनी यांचा युद्धकालीन आर्थिक धोरणावरील ग्रंथ आला. त्याच साली कापडावर नियंत्रण आले आणि ताक्यावर भावाचा शिक्का मारलेला माल दुकानात दिसू लागला. तो काळ पाहिलेली मंडळी आता जवळजवळ उरलेली नाहीत.

काळे यांच्या देणगीचे साताऱ्याशी असलेले नाते पुढेही तुटले नाही. गाडगीळांनंतर संचालक झालेले प्रा. वि. म. दांडेकर यांचा जन्म १९२० साली साताऱ्यातच झाला होता. नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी भारतातील दारिद्र्यावर १९७१ साली लिहिलेला निबंध जगभर वाचला गेला. संस्थेला १९९३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आणि उलट दिशेनेही एक ऋण फेडले गेले. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यातील आपल्या वाणिज्य महाविद्यालयास धनंजयराव गाडगीळ यांचे नाव दिले. २०२१ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले, त्यात हे महाविद्यालय घटक म्हणून समाविष्ट आहे. सातारा जिल्ह्यातील व्यापारी घरांतील अनेक मुले-मुली तेथे बी.कॉम. झाली. प्रवेशद्वारावरील नाव त्यांनी रोज वाचले. त्या नावामागे असलेल्या रावबहादूर काळे यांचे नाव मात्र त्यांच्यापैकी फारशा कोणी ऐकले नसेल.