राखणीची पाळी

गावाची राखण कुणी करायची, हा प्रश्न आमच्या पुरंदर तालुक्यात पोलीस ठाणी यायच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. त्याचं उत्तर दर पिढीत बदलत गेलं. ती उत्तरं मी कागदावर नंतर वाचली. आधी ऐकली ती म्हाताऱ्यांच्या तोंडून.

आमचे पणजोबा वतनदार पाटील. त्यांची धाकटी लेक म्हणजे आमची आत्याआजी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन ती माहेरी परतली आणि मग जन्मभर वाड्यातच राहिली. मारुतीच्या देवळासमोरची चावडी तिच्या खिडकीतून दिसायची. बायकांनी चावडीची पायरी चढायची नाही, असा दंडक होता. त्यामुळे तिथे चाललेलं सगळं तिने खिडकीतूनच पाहिलं आणि पाठ करून ठेवलं.

तिची आवडती गोष्ट बैलजोडी चोरीला गेल्याची. पहाटे गोठा रिकामा दिसल्यावर धनी ओरडत चावडीवर आला. पाटलांनी रामोश्याला बोलावणं धाडलं. तो आला, पण कुणाला काही विचारायच्या आधी त्याने गोठ्यापुढच्या मातीत एक बरा उमटलेला खुराचा ठसा शोधला आणि त्यावर पाटी पालथी घातली. "वारं लागू नये, कोंबडं उकरू नये म्हणून गं," आत्याआजी सांगायची. मग त्या ठशाची वीत-बोटं काडीवर मोजून घेऊन तो निघाला. ओढा, बांध, करपलेलं गवत, खडकाळ माळ. माळावर ठसे दिसत नाहीत. तिथे उलटलेला खडा बघायचा, तुटलेली काटकी बघायची. दुपारी माग शेजारच्या गावाच्या शिवेवर गेला. त्या गावच्या रामोश्याला बोलावून ठसा दाखवला, काडी हातात दिली, आणि आमचा माणूस माघारी फिरला. पुढचं त्यांचं. तिसऱ्या गावच्या नदीकाठी बैल सापडले.

हे गोष्टीतलं वाटतं, पण कायदाच तसा होता. पेशवाई बुडाल्यावर 1819 साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात ही पद्धत नोंदलेली आहे. माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हाती दिला की आपली जबाबदारी संपते. माग जिथे खुंटतो त्या गावाने चोरीची भरपाई करायची. म्हणजे चोर सापडणं ही साऱ्या गावाच्या खिशाची गोष्ट होती. एल्फिन्स्टन हा जेता होता, तरी ही व्यवस्था मोडू नये असंच त्याचं मत होतं.

आत्याआजी ही गोष्ट सांगताना ताठ बसायची. गाव कसं एकजीव होतं, पाटलाच्या शब्दाला कसा मान होता, येसकराची घुंगुरकाठी रात्री वाजली की लेकरं कशी निर्धास्त झोपायची. मीही ती तशीच ऐकली, आणि कॉलेजात असताना तशीच मैत्रिणींना सांगत असे.

मग एका उन्हाळ्यात वस्तीवरच्या नाईकआबांशी बोलणं झालं. ते तेव्हा नव्वदीला टेकले होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण आवाज खणखणीत होता. मी बैलांची गोष्ट काढली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "ताई, त्यो माग काढणारा माझा बाप. तुमच्या आजीनं खरं तेच सांगितलं. पर रातीचं नाही सांगितलं."

रात्रीचं असं, की ज्या माणसाने दिवसभर उन्हात गावाचे बैल शोधले, त्याला तिन्हीसांजेला त्याच चावडीवर जाऊन हजेरी द्यावी लागत असे. तो चोर नव्हता, त्याच्यावर कसला आरोपही नव्हता. रामोशी जातीत जन्मला, एवढंच. परगावी लेकीला भेटायला जायचं तर पाटलाचा दाखला घ्यायचा, तिथे पोचल्यावर तिथल्या पाटलाला दाखवायचा. "दिसा राखण करायची आन् राती हजेरी द्यायची. ज्याच्या हाती राखण दिली त्याच्यावरच नजर. सांगा आता."

इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 च्या दुरुस्तीने त्याची कक्षा वाढली, आणि पुण्या-साताऱ्याकडच्या रामोशी समाजातल्या अनेकांच्या मागे हजेरीचा फेरा लागला. हा तोच समाज, ज्याच्याकडे पुरंदर किल्ल्याची राखण होती. उमाजी नाईक याच तालुक्यातल्या भिवडीचे. राखणीचे हक्क आणि वतनं गेल्यावर त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी त्यांना पुण्यात फाशी झाली. राखणदाराकडून राखण काढून घ्यायची आणि वर त्यालाच चोर ठरवायचं, हा व्यवहार साहेबाने कायद्यात लिहिला खरा. पण रोज संध्याकाळी हजेरीची वही उघडून बसणारे आमचेच लोक होते. हा कायदा देशभरातून गेला तो 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

वही मी पाहिली आहे. वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा फडताळात सापडली. लाल कापडी पुठ्ठा, आत मोडीतल्या नावांच्या ओळी, प्रत्येक नावापुढे तारखांची घरं आणि घरांत खुणा. काही पानांच्या कडेला शाईचे अंगठे. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्याकडून मी नावं लावून घेतली. नाईकआबांच्या वडिलांचं नाव होतं. एका महिन्यात सलग काही घरं रिकामी होती. आबांना विचारलं तर म्हणाले, त्यांची थोरली बहीण बाळंतपणात गेली तेव्हा बाप दाखला न घेता तिकडे धावला होता. परत आल्यावर त्याला तालुक्याला नेलं.

येसकराचंही याहून फार वेगळं नव्हतं. घुंगुरकाठी ऐकून लेकरं झोपायची हे खरं. पण ती काठी वाजवणारा महार रात्रभर वेशीवर उभा असायचा, सरकारी टपाल पोचवायचा, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचा, आणि बदल्यात वतनाचा तुकडा नि दारोदारची भाकरी. 1928 साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयीचं विधेयक मांडलं ते याच वेठीविरुद्ध. आत्याआजीच्या कहाणीत ही माणसं सगळी होती. फक्त चावडीवर निवाडा होताना ती कुठे बसायची, हे तिने कधी सांगितलं नाही. खाली. पायरीच्याही खाली, उन्हात.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पूर्ण विचाराने म्हणते: गावाने गावाची राखण करणं ही चांगली गोष्ट आहे, पण राखण करणाऱ्याला बैठकीत बसायला जागा नसेल तर ती राखण फिरून त्याच्याच मानेवर बसते.

पुढे कायदे बदलले. 1 जानेवारी 1963 पासून पाटीलकीचं वतन गेलं. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे नेमणुकीचं पद झालं; प्रांतसाहेब नेमतात, मानधन मिळतं, आरक्षण लागू आहे. आज आमच्या शेजारच्या गावात पोलीस पाटील बाई आहेत. आत्याआजीला हे बघायला मिळालं असतं तर ती काय म्हणाली असती, हा विचार माझ्या मनात बरेचदा येतो.

दुसरी कहाणी मामाची. मामा एसटीत कंडक्टर, नोकरीची बरीच वर्षं भिवंडीत काढलेली. 1984 च्या मे महिन्यातली दंगल त्याने पाहिली होती. त्याबद्दल तो बोलत नसे. बोलायचा ते त्यानंतरचं. 1988 साली सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढारी, दादा, धर्माच्या नावावर दुकान चालवणारे यांना बाजूला ठेवून हॉटेलवाला, रिक्षावाला, यंत्रमागावरचा कामगार, शिक्षक अशी माणसं घेतली. हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि त्यांच्यासोबत त्या भागातला पोलीस. मामा एका बैठकीला शेजाऱ्याच्या आग्रहाने गेला. "मला वाटलं, दंगलीवर भाषणं होतील," तो सांगायचा. "दंगलीचं नावच नाही. तासभर गटारावर भांडले. मग नळाच्या वेळेवर. हवालदार खाली सतरंजीवर बसून लिहून घेत होता. पुढच्या बैठकीत त्यानं विचारलं, गटाराचं काय झालं. तिथून माणसं यायला लागली."

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा 900 नोंदवला. ज्या भिवंडीचं नाव दंगलींशीच जोडलं गेलं होतं, ती शांत राहिली. त्या दिवसांत रात्री नाक्यानाक्यावर कमिटीतली माणसं बसून होती. कुणी अफवा घेऊन आला की त्याला विचारायची, तू स्वतः पाहिलंस का? ज्या दोघांचं गटारावरून हातघाईवर आलं होतं, ते एका बाकावर चहा पीत बसलेले मामाने पाहिले. पुढे मुंबईतही सतीश सहानी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिट्यांचं काम उभं केलं. पण गटारापासून सुरुवात करायची ही अक्कल मला मामाकडून कळली, आणि ती मला कुठल्याही शांतता परिषदेतल्या भाषणापेक्षा मोलाची वाटते.

आमच्या गावात बायका बैठकीत शिरल्या त्या दारूच्या दुकानापायी. हे काकूकडून ऐकलेलं. एसटी स्टँडजवळ देशी दारूचं परवान्याचं दुकान होतं. संध्याकाळी शाळेतून येणाऱ्या मुलींना त्या रस्त्याने यायची चोरी झाली होती. ठाण्यात तक्रार केली की परवाना दाखवला जायचा. मग कुणीतरी सांगितलं की बायकांना मतदान मागता येतं. 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली तर दुकान बंद. मात्र ती निम्मी झालेल्या मतदानाची नव्हेत, यादीतल्या एकूण बायकांची. जी घरात बसली तिचं मत आपोआप दुकानाच्या पारड्यात.

म्हणून काकूचं गणित फार वेगळं होतं. ज्या आळीत तिने सून म्हणून चाळीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, तिथे तिला जावंच लागलं. रामोशी वस्ती, बौद्धवाडा, ऊसतोडीची पालं. "आमच्या आळीतल्या बायांच्या भरवशावर राहिले असते तर बाटली उभीच राहिली असती," ती सरळ सांगते. महिला ग्रामसभेत पहिली उठून बोलली ती नाईकआबांची नातसून. नवरा दारूने गेलेला. तिने कुणाला दोष दिला नाही; नवऱ्याने शेवटच्या वर्षात काय काय विकलं, ते एकेक सांगितलं. पत्रे, शेळी, मुलीची सायकल. मतदानाच्या दिवशी एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला खाटेसकट आणलं होतं. बाटली आडवी झाली, थोडक्या मतांनी. त्याच वर्षी गाव तंटामुक्त मोहिमेत उतरलं, जी आर. आर. पाटलांनी 2007 साली सुरू केली होती. समितीवर दोन बायका घ्याव्या लागल्या, कारण त्यांना नको म्हणायची आता कुणाची छाती नव्हती.

एवढं सगळं सांगितलं ते एका घटनेमुळे. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तिथे आले होते. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडलं आणि तिथेच ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या कचेरीत, जिथे आपण 26 जानेवारीला झेंडा लावतो, पाणीपट्टी भरतो. मारणाऱ्यांना वाटत होतं की आपण गावाची राखण करतो आहोत. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि डोळ्यांपुढे आमची लाल पुठ्ठ्याची वही होती. परक्या जातीच्या, फिरस्त्या माणसाकडे आधी चोर म्हणूनच बघायचं, हे त्या वहीने पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं आहे. कायदा रद्द होऊन 66 वर्षं होत आली होती.

2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याचा बोलबाला झाला. चोर वरून घरं हेरतात, असं जो तो सांगू लागला. आमच्याकडच्या पोरांनी काठ्या काढल्या. त्यावर बोलावलेल्या ग्रामसभेच्या आदल्या रात्री दोन घोंगडीवाल्यांना वेशीवर अडवून धरलं होतं. पोलीस पाटील वेळेवर पोचले म्हणून निभावलं. एरवी 100 माणसांच्या गणपूर्तीसाठी शिपायाला घरोघर पाठवावं लागतं, पण त्या दिवशी शाळेची पडवी पुरली नाही. मी वडिलांसोबत गेले होते, मागे भिंतीला टेकून उभी राहिले.

पोरांची मागणी होती, गस्तीचं पथक करा आणि रात्री दहानंतर अनोळखी दिसेल त्याला जागेवर जाब विचारायची मुभा द्या. टाळ्या पडल्या. तेव्हा वस्तीवरचा एक मुलगा उठला, नाईकआबांचा पणतू. पोलीस भरतीची तयारी करतो. तो म्हणाला, "गस्त घालू, मी पहिला येतो. पण अनोळखी म्हणजे कोण, ते आधी लिहा. माझे पाहुणे आले तर ते तुम्हाला अनोळखीच."

चांगला पाऊण तास वाद झाला. शेवटी ठराव लिहिला तो असा: गस्तीच्या प्रत्येक पाळीत किमान तीन वेगवेगळ्या आळ्यांची माणसं असतील. कुणावर हात टाकायचा नाही, कुणाची झडती घ्यायची नाही. संशय आला तर पोलीस पाटलांना फोन करायचा आणि ते येईपर्यंत त्या माणसाला पाणी देऊन बसवायचं. फिरस्ते, घोंगडीवाले, मेंढपाळ यांना उतरायला देवळामागची जागा द्यायची, म्हणजे ते कुठे आहेत हे गावालाही माहीत राहील. पाणी देण्याचं वाक्य काकूने घालायला लावलं. ग्रामसेवक म्हणाले, हे ठरावात बसत नाही. ती म्हणाली, बसवा.

मग त्या मुलाने वस्तीच्या रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय काढला. खांब आहेत, दिवे नाहीत, गस्त अंधारात घालायची का? सरपंच म्हणाले, तो विषय पत्रिकेवर नाही. पडवीतून चार-पाच बायकांचे आवाज एकदम आले, आणि विषय पत्रिकेवर आला. त्यावरचा वाद गस्तीपेक्षाही जास्त वेळ चालला.