भाटघर, मुळशी आणि ऊर्जेचा अभ्यासक्रम

‘ऊर्जा सुरक्षा’ हा शब्दप्रयोग १९७३च्या तेलसंकटानंतर विद्यापीठांच्या परिभाषेत स्थिरावला. पुणे विद्यापीठातही ऊर्जा अभ्यासाची प्रशाला निघाली. सौरऊर्जेचे संशोधक डॉ. वि. गो. भिडे तर या विद्यापीठाचे कुलगुरूच होते. हा अभ्यास स्वाभाविकपणे तंत्रज्ञानाच्या अंगाने वाढला. वीज कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीवर, हा धोरणाचा मूळ प्रश्न मात्र, आमच्या मते, त्याच विद्यापीठातील राज्यशास्त्राच्या एका प्राध्यापकाने अधिक नेटाने हाताळला. ते म्हणजे राजेंद्र व्होरा. मुळशी सत्याग्रहावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतील विद्यार्थ्याला हा प्रश्न घराच्या अंगणातला आहे. वेळवंडी नदीवरचे भाटघरचे लॉईड धरण इंग्रज सरकारने १९२८च्या सुमारास पुरे केले, तेही भोर संस्थानच्या मुलखात. पाणी मात्र नीरेच्या कालव्यांसाठी. पुढे तेथे १६ मेगावॉटचे वीजगृह आले, वेल्ह्यातील पानशेतला ८ मेगावॉटचे. दोन्हीकडे वीज ही सिंचनाची धाकटी बहीण. धरणातून पाणी सुटले की जनित्र फिरणार. शहराची मागणी कितीही वाढो, पाण्याची पाळी खालच्या शिवाराची.

लगतच्या मुळशीत गणित नेमके उलटे. टाटा कंपनीने पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून घाटाखाली, सुमारे ५०० मीटर खोल, भिऱ्याला सोडले. वीज मुंबईला गेली, पाणी कोकणात उतरले आणि जमीन गेली मावळ्यांची. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते. विनायकराव भुस्कुटे यांनी या लढ्यावर मराठीत लिहिलेले पुस्तक आपण साहित्याची मंडळी फार तर चरित्र-आठवणींच्या कप्प्यात ठेवतो. ऊर्जाधोरणाच्या वर्गात ते मूळ साधन म्हणून वाचले जावे, असा आमचा आग्रह आहे.

व्होरांचे मोठेपण असे, की ते लढ्याची आरती ओवाळत बसत नाहीत. जमीन कसणारे मावळे आणि तिच्यावर हक्क सांगणारे पुण्याचे सावकार यांचे हितसंबंध एक नव्हते, हे ते स्पष्ट मांडतात. नुकसानभरपाईचा विषय निघताच सावकारांना वाटाघाट गोड वाटू लागली. जमीन हीच ज्याची उपजीविका होती, त्या मावळ्याला रोख रकमेचा आधार किती दिवस पुरणार होता?