जीपगाडीतील हीटर : एका अभावाचा इतिहास
(कुरुंदा परिसराच्या संदर्भात)

यंत्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणे यंत्रात काय आहे याकडे जाते. काय नाही, याची नोंद क्वचितच होते. वस्तुतः एखादे यंत्र एका देशातून दुसऱ्या देशात येते तेव्हा त्यातून गळून पडलेला भाग त्या दोन्ही देशांविषयी पुष्कळ काही सांगून जातो. प्रस्तुत लेखात अशाच एका गळालेल्या भागाचा, म्हणजे जुन्या जीपगाडीतील हीटरचा, विचार करावयाचा आहे. विवेचनाचे स्थळ म्हणून हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातले कुरुंदा हे गाव घेतले आहे. नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे मराठी वाचकास हे नाव परिचित आहे. काळ्या जमिनीचा, हळदीचा आणि उसाचा हा मुलूख. येथे हीटर नसणे इतके स्वाभाविक वाटते की त्याविषयी प्रश्न विचारणेच प्रथमदर्शनी विचित्र भासावे. परंतु तो विचारला असता त्यातून आणखी एक प्रश्न निघतो : गाडीत जी ऊब होती, ती कोणाच्या वाट्याला येत होती?

प्रथम हीटरचे स्वरूप पाहू. मोटारगाडीत ऊब निर्माण करण्याच्या तीन पद्धती रूढ झाल्या. पहिलीत इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या तप्त नळीभोवती हवा खेळवून ती आत घेतली जाई. ही पद्धत स्वस्त, पण धोक्याची होती. कारण नळीस भेग पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू प्रवाशांच्या श्वासात मिसळे. दुसऱ्या पद्धतीत इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याचाच उपयोग केला जातो. इंजिनाच्या माथ्याकडून निघालेले गरम पाणी रबरी नळीने एका लहान जाळीत आणतात, तिच्यावर विजेच्या पंख्याने हवा सोडतात आणि पाणी पुन्हा पंपाकडे परत नेतात. म्हणजे असा हीटर हा एक छोटा रेडिएटरच होय. फरक इतकाच, की मोठा रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो आणि हा ती माणसाच्या पायांशी आणून सोडतो. तिसऱ्या पद्धतीत इंजिनाशी संबंध न ठेवता स्वतंत्र भांड्यात पेट्रोल जाळून हवा तापवितात. अमेरिकेतील स्टुअर्ट-वॉर्नर कंपनीचे ‘साउथ विंड’ हे हीटर याच जातीचे होते. अतिशीत प्रदेशात, जेथे इंजिन तापण्यासच फार वेळ लागतो, तेथे ही पद्धत विशेष उपयोगी ठरली.

दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. या मूळ लष्करी गाडीत हीटर नव्हता. वजन कमी, रचना उघडी, दुरुस्ती सोपी हे तिचे तत्त्व होते. दारे नसलेल्या व ताडपत्रीच्या छताच्या गाडीत तापविलेली हवा टिकणार तरी किती? त्यात वीजपुरवठा सहा व्होल्टचा. दिवे आणि स्टार्टर यांचा भार सोसून पंखा चालविणे हे त्या लहानशा बॅटरीवर अधिकचे ओझे होते. युद्ध संपताच, १९४५ मध्ये, विलिसने शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए ही मुलकी जीप बाजारात आणली. तिच्यासाठी हीटर मिळे, परंतु वेगळे पैसे मोजून. इंग्लंडमध्ये १९४८ साली आलेल्या लँड रोव्हरचीही स्थिती हीच होती. तात्पर्य, ज्या देशांत हिवाळा बर्फाचा असतो तेथेही अशा गाडीतील ऊब ही मूळ गरज न मानता ऐच्छिक सोय मानली गेली. हा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

भारतात जीप आली ती युद्धाच्या अवशेषांतून आणि नव्या राष्ट्राच्या निकडीतून. काश्मीरमधील लढाईच्या काळात, १९४८ मध्ये, लंडनमधील भारतीय उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या कार्यालयामार्फत जुन्या दुरुस्त जीपगाड्यांचा सौदा झाला. आलेल्या १५५ गाड्या लष्कराने निरुपयोगी ठरविल्या आणि त्या प्रकरणाने संसद गाजली. दुसरीकडे, १९४५ साली स्थापन झालेल्या व १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र हे नाव धारण केलेल्या मुंबईच्या कंपनीने विलिसचे सुटे भाग आणवून येथेच जीप जोडण्यास प्रारंभ केला. पुढे सीजे-३बी हा नमुना भारतात दीर्घकाळ बनत राहिला. अमेरिकेत त्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले तरी भारतात त्याची वंशावळ चालूच राहिली.

कुरुंदा त्या वेळी परभणी जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हा प्रदेश भारतात विलीन झाला. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. दरम्यान २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ही ग्रामीण भारतातील सरकारची ओळखच बनली. धुरळा उडाला की साहेब आले, हे समीकरण त्या पिढीच्या मनात पक्के बसले.

या गाडीस मराठवाड्याच्या भूमीत कोणत्या परीक्षेस उतरावे लागले, हे पाहिले म्हणजे हीटरचा अभाव नीट समजतो. उन्हाळ्यात येथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पावसाळ्यात काळी माती चाकांना लिंपली जाते. गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, चारही चाकांची शक्ती लावून, रखडत चालते. वेग कमी म्हणून रेडिएटरवर वारा कमी, आणि श्रम अधिक म्हणून उष्णता अधिक, असा दुहेरी ताण पडतो. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची, स्थूलमानाने, एक-चतुर्थांश शक्तीच चाकांच्या कामी येते. उरलेली बहुतेक धुरावाटे आणि पाण्यावाटे उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्यात खडकाळ भूमीतील विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. ते उकळले की क्षार नळ्यांत बसतात आणि रेडिएटर हळूहळू चोंदतो. बॉनेट उघडून, फडके धरून, वाफ जिरेपर्यंत थांबणे आणि पुढे टांगलेल्या छागलीतले पाणी ओतणे हा त्या काळच्या चालकाचा नित्यक्रम होता. अशा गाडीत हीटर असता तर त्याच्या बारीक नळ्या प्रथम चोंदल्या असत्या, आणि गळतीची आणखी एक जागा निर्माण झाली असती.

येथे एक तांत्रिक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. हीटर हा छोटा रेडिएटर असल्यामुळे इंजिन तापू लागले असता तो पूर्ण उघडल्यास पाण्याची काही उष्णता त्यावाटे निघून जाते. म्हणजे थंडीसाठी केलेली योजना उन्हाळ्यात इंजिनाच्या रक्षणासही उपयोगी पडू शकते. किंमत एवढीच, की ती उष्णता बसणाऱ्याने सोसावी. यावरून हीटर उष्ण देशात केवळ निरर्थक होता असे म्हणता येत नाही. तो वगळला गेला त्यामागे हवामान, उघडी रचना आणि काटकसर या तिन्हींचा संयुक्त हिशेब होता, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

परंतु मराठवाड्यात थंडी नसते, हे मत मात्र टिकणारे नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातील वेधशाळेत किमान तापमान पाच अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. पौषातील पहाटे उघड्या जीपमधून ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास ही थंडी कितीतरी अधिक बोचते. तिच्यावरचे उपाय घरगुती होते : कानटोपी, मफलर, घोंगडी, आणि इंजिन लवकर तापावे म्हणून रेडिएटरपुढे बांधलेले गोणपाट. गाडीत जी काही ऊब येई ती इंजिन व बैठक यांमधील पत्र्यातून आणि गियरपेटीवरील तक्तपोशीतून. ती पुढच्या दोन जागांपर्यंतच पोहोचे. तेथे चालक आणि अधिकारी बसत. मागील आडव्या बाकांवर शिपाई, ग्रामसेवक किंवा वाटेत घेतलेला रोगी असे, आणि त्यांच्या अंगावर थेट वारा येई. पुढे याच जातीच्या गाड्या मराठवाड्यात काळ्या-पिवळ्या जीप म्हणून प्रवासी वाहतूक करू लागल्या, तेव्हाही मागे लटकणाऱ्याची स्थिती बदलली नाही. उन्हाळ्यात हाच हिशेब उलटे आणि पुढच्या जागा भाजून निघत. तरीही हिवाळ्यातील ऊब ही अधिकाराच्या जागेस आपोआप चिकटलेली होती, हे यंत्राच्या आराखड्यानेच ठरविले होते. हीटर असता तरी उघड्या गाडीत तो पुढच्याच पायांशी तापला असता. म्हणून प्रश्न यंत्राचा जितका, तितकाच बैठकीच्या क्रमाचाही आहे.

‘उष्ण देशाची गाडी’ या कल्पनेची मर्यादा येथे स्पष्ट होते. भारत म्हणजे केवळ मैदान नव्हे. १९६२ च्या युद्धात हिमालयातील भारतीय सैनिकांजवळ पुरेसे उबदार कपडे नव्हते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. सपाटीवरील सरासरी हवामान प्रमाण मानून केलेली योजना शिखरावर अपुरी पडते. आणि पहाटेच्या कुरुंद्यातही ती थोडी अपुरीच पडते. सरासरी ही हिशेबाची सोय आहे, ती कोणाच्याही अंगास लागणारी थंडी नव्हे.

आज जुन्या जीपगाड्यांचे जतन करणारे हौशी लोक वाढले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु परदेशी माहितीपत्रके पाहून त्या काळच्या गाडीत नवा हीटर बसविला जातो, तेव्हा गाडी अधिक पूर्ण दिसते आणि इतिहास मात्र अपुरा होतो. गाडी उघडण्यापूर्वी इंजिनाच्या माथ्यावरील व पंपावरील छिद्रे पेचाच्या बुचाने बंद आहेत काय, पत्र्यास नळ्यांसाठी भोके पाडलेली आहेत काय, ती कारखान्यातील आहेत की नंतरची, याची नोंद करून छायाचित्रे ठेवावीत. तालुक्याच्या गॅरेजांत काम केलेल्या वृद्ध मिस्त्रींच्या आठवणीही वेळीच लिहून घ्याव्यात. कधीही न उघडलेले एक गंजलेले बूच हे त्या गाडीच्या भारतीयत्वाचा अस्सल पुरावा होय, आणि त्याचे मोल चकचकीत नव्या रंगाहून निश्चितच अधिक आहे.