मातीवर उतरलेला अजिंठा : मुंबई कला विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या मृत्पात्रांवरील पृष्ठसजावटीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील आधुनिक कलाशिक्षणाचा इतिहास प्रामुख्याने चित्रकला आणि शिल्पकला यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. मृत्कलेच्या शिक्षणाकडे त्या मानाने अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कला विद्यालयात मृत्पात्रांच्या पृष्ठसजावटीचा एक महत्त्वाचा प्रयोग झाला. त्यातील नक्षी अजिंठ्याची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील होती. झिलईचे तंत्र सिंधमधील कुंभारांचे होते आणि अध्यापनाची पद्धती इंग्लंडमधील होती. या तीन प्रवाहांचा संगम विद्यार्थ्याच्या हातून मातीच्या पृष्ठभागावर कसा झाला व त्यात काय साधले, काय निसटले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

उद्दिष्टे :

१) मुंबई कला विद्यालयातील मृत्पात्र-सजावटीची पार्श्वभूमी समजून घेणे.
२) तिच्यातील तंत्र आणि नक्षी यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) या प्रयोगाची मराठवाड्यातील प्राचीन पृष्ठसजावटीच्या परंपरेशी तुलना करणे.

विषय विवेचन :

अ) संस्था आणि शिक्षक

सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून २ मार्च १८५७ रोजी हे विद्यालय सुरू झाले. जॉर्ज विल्किन्स टेरी हे त्याचे आरंभीचे प्रमुख होत. १८६५ मध्ये जॉन ग्रिफिथ्स आणि जॉन लॉकवुड किपलिंग हे शिक्षक इंग्लंडहून मुंबईस आले. ग्रिफिथ्स यांच्याकडे सजावटीची चित्रकला, तर किपलिंग यांच्याकडे वास्तुशिल्प हा विषय होता. किपलिंग यांचे तरुणपणीचे प्रशिक्षण इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर या मृत्पात्र-उद्योगाच्या प्रदेशात झाले होते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १८७५ मध्ये ते लाहोरच्या कला विद्यालयात गेले.

विद्यालयात मृत्पात्रांचे काम उभे करण्याचे श्रेय मुख्यतः टेरी यांच्याकडे जाते. सिंध प्रांत त्या काळी मुंबई इलाख्यात समाविष्ट होता. त्यामुळे हाला, ठठ्ठा, हैदराबाद येथील निळ्या-हिरव्या झिलईची भांडी व फरशा मुंबईला परक्या नव्हत्या. टेरी यांनी या तंत्राचा आधार घेतला. जॉर्ज बर्डवुड यांच्या १८८० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय औद्योगिक कलांवरील ग्रंथात मुंबईच्या या भांड्यांची दखल घेतलेली आहे.

आ) अजिंठ्याची नक्षी

मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांनी विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हे काम नव्याने हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक होत. अजिंठा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लेण्यांतील अंधुक प्रकाशात आणि छताकडे मान वर करून विद्यार्थ्यांनी केलेल्या या श्रमातून नक्षीचा एक मोठा साठा विद्यालयास उपलब्ध झाला. विशेषतः छतांवरील चौकटींमधील कमळे, हंस, हत्ती, फळे आणि वेलपत्ती सजावटीच्या कामास सोयीची होती. हीच नक्षी पुढे मृत्पात्रांवर उतरली. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत या दुसऱ्या प्रतिकृतींपैकीही अनेक जळाल्या. ग्रिफिथ्स यांचा अजिंठ्यावरील द्विखंडात्मक ग्रंथ त्यानंतर १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनव्हासवरील अजिंठा असा दोनदा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. भट्टीतून तावूनसुलाखून निघालेल्या मातीवरील त्याची नक्षी मात्र आजही संग्रहालयांतून पाहावयास मिळते.

इ) तंत्राची अट

चित्र भिंतीवरून भांड्यावर नेणे ही केवळ नक्कल नव्हे. सिंधी पद्धतीत तांबड्या मातीच्या भांड्यावर प्रथम पांढऱ्या मातीचा पातळ लेप दिला जाई. नक्षी कागदावर काढून तिच्या रेषांवर सुईने छिद्रे पाडली जात. तो कागद भांड्यावर धरून त्यावरून कोळशाची पूड फिरवली की ठिपक्यांची आकृती उमटे. त्यावर रंगकाम होई आणि शेवटी पारदर्शक झिलई देऊन भांडे भाजले जाई. येथे दोन अडचणी उद्भवतात. पहिली अडचण आकाराची आहे. अजिंठ्याच्या छतावरील चौकट सपाट असते, तर भांड्याचे पोट दोन्ही दिशांनी गोलावलेले असते. सपाट कागद त्यावर बसविताना चुण्या पडतात. म्हणून मोठी आकृती टाळून पट्टे, वर्तुळे व लहान चौकटी यांत नक्षीची विभागणी करणे क्रमप्राप्त ठरते.

दुसरी अडचण रंगाची आहे. अजिंठ्याचे रंग कोरड्या गिलाव्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावलेले आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि लाजवर्दाचा निळा ही त्यांची द्रव्ये होत. हे रंग भट्टीत तसेच राहत नाहीत. पिवळी माती भाजल्यावर तांबडी होते, काजळी जळून जाते. झिलईखालचा निळा कोबाल्टपासून, तर हिरवा तांब्यापासून मिळवावा लागतो. परिणामी मृत्पात्रावरील अजिंठा रेषेने अजिंठ्याचा आणि रंगाने सिंधचा ठरला. ही तडजोड दोष म्हणून न पाहता शिक्षण म्हणून पाहणे अधिक योग्य होईल. पृष्ठसजावट ही माती, लेप आणि आच यांच्या अधीन असते, हा धडा विद्यार्थ्याला कागदावरील आरेखनातून मिळणे शक्य नव्हते.

ई) मराठवाड्याची परंपरा

ज्या प्रदेशातून ही नक्षी गेली, त्या प्रदेशाची आणि त्याच्या शेजारची स्वतःची पृष्ठसजावट मात्र या अभ्यासक्रमाबाहेर राहिली. त्या काळी ती बहुतांशी जमिनीखालीच होती, हेही मान्य केले पाहिजे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तेथील ताम्रपाषाणयुगीन भांड्यांच्या तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगातील भौमितिक नक्षी आढळते. ती भाजण्यापूर्वी काढलेली असल्याने तीन हजार वर्षांनंतरही टिकून आहे. भोकरदन येथे १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले. तेथील व पैठण येथील सातवाहनकालीन अवशेषांतून घोटाई, ठसे व साचेकाम यांची साक्ष मिळते. दौलताबादच्या किल्ल्यातील चिनी महालास तर त्याच्या भिंतींवरील झिलईदार फरशांमुळेच ते नाव पडले. चाकावर भांडे घडवून, थापीने चोपून, गेरूचा हात देऊन आव्यात भाजणारा आपल्या गावचा कुंभार याच दीर्घ परंपरेचा वारस आहे.

उ) कर्त्याचे नाव

आणखी एका बाबीचा निर्देश आवश्यक आहे. बर्डवुड यांच्या ग्रंथात कराचीच्या उस्मान कुंभाराचा मुलगा जुमू याच्यासह सिंधमधील काही कारागिरांची नावे येतात. मुंबईची भांडी मात्र सामान्यतः संस्थेच्या नावाने ओळखली जातात. नक्षी रंगविणारा विद्यार्थी त्या नावामागे झाकला गेला. कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथे सापडलेली यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती कान्हदास या सुवर्णकाराने घडविल्याचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव आपणास ज्ञात असावे आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचे नसावे, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

निष्कर्ष :

१) मुंबई कला विद्यालयातील मृत्पात्र-सजावट ही सिंधी तंत्र, अजिंठ्याची नक्षी आणि इंग्रजी अध्यापनपद्धती यांच्या संयोगातून घडली.
२) भांड्याचा गोलावा आणि भट्टीची आच यांनी अजिंठ्याच्या नक्षीस नवे रूप दिले. या प्रयोगाचे खरे शैक्षणिक मूल्य त्यातच आहे.
३) नक्षी एका प्रदेशातून आणि तंत्र दुसऱ्या प्रदेशातून घेतल्यामुळे स्थानिक कुंभाराच्या ज्ञानाशी विद्यार्थ्याचा संबंध जुळला नाही.
४) संस्थेचे नाव टिकले, परंतु विद्यार्थ्याच्या श्रमाची नोंद पुरेशी झाली नाही.

समारोप :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार स्थानिक कला-कौशल्ये आणि भारतीय ज्ञानप्रणाली यांना महाविद्यालयीन अभ्यासक्रमात स्थान मिळत आहे. अशा वेळी मृत्कलेची कार्यशाळा तयार भांड्यावर तयार नक्षी रंगविण्यापुरती मर्यादित राहिल्यास जुन्या प्रयोगातील उणीवच पुन्हा वाट्यास येईल. विद्यार्थ्याने परिसरातील माती मळावी, कुंभाराच्या आव्याशेजारी बसून आच समजून घ्यावी आणि मग पृष्ठभागावर रेष ओढावी. कुंभारास त्या वर्गात साहाय्यक म्हणून न बोलावता शिक्षक म्हणून मानधनासह बोलावणे उचित होईल. तसेच प्रत्येक भांड्याच्या तळाशी ते घडविणाऱ्याचे व सजविणाऱ्याचे नाव ओल्या मातीतच कोरून घ्यावे. पितळखोऱ्याचा कान्हदास ज्या तालुक्याचा वारसा आहे, तेथील महाविद्यालयांनी तरी एवढी प्रथा पाळावयास हवी.